बॅटरीच्या सायकलीचा हिशेब

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. वाई कृष्णाकाठी, खाली. पाचगणी वर, डोंगरमाथ्यावर. समुद्रसपाटीपासून वाईची उंची सुमारे 720 मीटर आहे आणि पाचगणीची सुमारे 1,290 मीटर. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरच्या वाटेत जवळजवळ 570 मीटर चढ चढावा लागतो. एसटीसुद्धा हा घाट कण्हत कण्हत चढते. मग सायकलवाल्याचे काय होत असेल?

आमच्या रात्रीच्या वर्गात एक तात्या येतात. माझे नाव पुस्तकात छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आम्ही नुसते तात्याच म्हणतो. वय छप्पन्न. घर घाटाच्या पायथ्याला. पाचगणीतल्या दोन बंगल्यांच्या बागा ते राखतात. आठवड्यातून चार दिवस घाट चढायचा आणि चार दिवस उतरायचा, असे अकरा वर्षे चालले आहे. तुम्ही म्हणाल, एसटीने का जात नाहीत? एसटी स्टँडावर सोडते. बागा तिथून लांब. बरोबर खताची पिशवी, कात्री, फवारणीचा पंप. हे सगळे डोक्यावर घेऊन कोण चालणार?

तात्यांची सायकल आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीसारखी नव्हे. जाड टायरची, आडव्या सरळ हँडलची, एकवीस गिअरची. शाळा सोडून जाणाऱ्या एका मुलाने ती त्यांना स्वस्तात दिली होती. अशा सायकलीला डोंगरी सायकल म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ टमाल्पायस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत तिथली तरुण पोरे जुन्या, जाड टायरच्या भंगार सायकली घेऊन त्या डोंगराच्या मातीच्या वाटेने खाली सुटत. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई. खाली आल्यावर पुन्हा ग्रीस भरावे लागे. 1976 साली त्यांनी उताराची शर्यत लावली, तिला नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा! पुढे त्यांतल्याच काहींनी खास डोंगरासाठी सायकली बांधायला सुरुवात केली. पोरांचा खेळ होता तो. आमच्या तात्यांसाठी मात्र ती पोटापाण्याची गाडी झाली.

दोन वर्षांपूर्वी तात्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितले, वाटी झिजली आहे. सायकल सोडू नका, पण चढावर जोर देऊ नका. आता घाटात जोर द्यायचा नाही तर काय करायचे? एके दिवशी वर्ग सुटल्यावर तात्या थांबले.

“गुरुजी, ती बॅटरीची सायकल निघालीया. घ्यावी का?”

“पैसे आहेत का?”

“बत्तीस हजार हायेत. घराचं पत्रं बदलायला ठेवल्यात.”

प्रश्न साधा नव्हता. पत्रे गळत होते आणि पावसाळा तीन महिन्यांवर आला होता. सायकल घ्यावी तर घर गळणार. न घ्यावी तर बागा सुटणार. आम्ही म्हणालो, तात्या, घाई नको, आधी हिशेब करू. पुढचे चार दिवस आमच्या वर्गात बाराखडी मागे राहिली आणि फळ्यावर सायकल आली. आम्हीही या निमित्ताने बरेच शिकलो.

पहिली गोष्ट ही की बॅटरीची सायकल काही काल-परवाची नाही. अमेरिकेत 1895 साली चाकाच्या हबमध्ये मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट निघाले होते. पण त्या काळच्या बॅटऱ्या शिशाच्या, वजनाने धोंडा. 1991 साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियमची हलकी बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1993 साली जपानमधल्याच यामाहा कंपनीने नव्या रीतीची सायकल काढली. तीत पायडल मारले की तेवढ्यापुरती मोटर मदत करते, पाय थांबले की मोटरही थांबते. हलकी बॅटरी आणि मदतीची मोटर एकत्र आल्या आणि सायकल डोंगर चढू लागली.

या सायकलीत भाग तरी किती? एक बॅटरी, दांडीला कुलपाने अडकवलेली. एक मोटर, बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्ये. काही महागड्या सायकलींत ती मधे, पायडलच्या आसापाशी असते. मधली मोटर गिअरांचा फायदा घेते, म्हणून खड्या चढाला बरी, पण चेन लवकर झिजते. हबमधली मोटर स्वस्त. मात्र अगदी हळू, खड्या चढावर ती तापते आणि वीज जास्त खाते. शिवाय पायडल फिरते आहे हे ओळखणारा एक सेन्सर, मदत कमी-जास्त करायची बटणे, आणि चार्जर. काही सायकलींना मोटारसायकलीसारखी रेसही असते. बाकी तीच चेन, तेच ब्रेक, तेच पंक्चर.

आता हिशेब. आमच्या वर्गातल्या अक्का बाजारात भाजी विकतात. त्यांनी विचारले, “वॅट म्हंजे काय ओ?” वॅट हे ताकदीचे माप आहे. घरातला छोटा दिवा 9 वॅटचा असतो. धडधाकट माणूस सायकलवर बसून तासभर न थांबता 75 ते 100 वॅट ताकद लावू शकतो. 100 वॅट एक तास लावले की 100 वॅट-तास काम झाले. आणि असे 1,000 वॅट-तास झाले की आपल्या मीटरवर एक युनिट पडते.

घाट चढायला किती काम लागते? एक आकडा ध्यानात ठेवा. 100 किलो वजन 367 मीटर वर न्यायला 100 वॅट-तास लागतात. तात्या 62 किलो, सायकल 15 किलो, सामान 20 किलो, मिळून 97. शंभरच धरू. 570 मीटर चढायला झाले 155 वॅट-तास. टायर रस्त्याला घासतो त्याचे आणखी थोडे धरले तर 180 होतात. तात्यांच्या पायांनी सतत 90 वॅट लावले तर दोन तास लागतील. तात्या हसले. म्हणाले, “बरोबर दोनच तास लागत्यात. हे फळ्याला कसं कळलं?”

मोटर लावली तर? बॅटरीची सायकल जड असते. दुकानात तात्यांना दाखवलेली 23 किलोंची होती. एकूण वजन झाले 105 किलो. वेग वाढला की वाराही अडवतो. सगळे धरून 210 वॅट-तास काम. त्यात तात्यांचे पाय 75 वॅट देतील आणि मोटर 150 वॅट देईल. दोन्ही मिळून 225. म्हणजे घाट तासाभरात चढून होईल आणि त्यातला एकतृतीयांश भारच तात्यांच्या पायांवर येईल. मोटरच्या वाट्याला 140 वॅट-तास आले. पण बॅटरीतून निघालेली सगळी वीज चाकापर्यंत पोचत नाही, काही उष्णतेत जाते. तेव्हा बॅटरीतून सुमारे 190 वॅट-तास खर्च होणार. हा 190 चा आकडा आम्ही फळ्यावर मोठा लिहून चौकोन काढला. तात्यांनी तो हातावर पेनाने लिहून घेतला.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. तात्या, अक्कांचा मुलगा आणि आम्ही. दुकानाचे नाव सांगत नाही. दुकानदार बोलायला गोड. त्याने पहिली सायकल दाखवली. “एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर, काका! पाचगणी काय, महाबळेश्वर करून या.” तात्या काही बोलले नाहीत. चष्मा लावला, खाली बसले आणि बॅटरीवरची पट्टी वाचू लागले. अक्षरे बारीक. बोट ठेवून, अक्षर जुळवून वाचले, “छत्तीस व्ही. सात पॉइंट पाच ए एच.” मग आमच्याकडे बघितले. आम्ही मुद्दामच गप्प राहिलो. व्होल्टना अँपिअर-तासांनी गुणले की वॅट-तास निघतात, हे वर्गात झाले होते. तात्यांनी दुकानदाराच्याच बिलाच्या पाठीमागे गुणाकार केला. 36 गुणिले साडेसात, 270.

“ह्यात एकदा चढंल माझी सायकल. दुसऱ्यांदा न्हाई,” तात्या म्हणाले. दुकानदार जरा चपापला. ऐंशी किलोमीटर हा आकडा सपाट रस्त्यावरचा, हलक्या माणसाचा, आणि बराचसा भार पायांवर ठेवणाऱ्याचा असतो. घाटात किलोमीटरला पंधरा-सोळा वॅट-तास लागतात, तिथे तो आकडा टिकत नाही. शिवाय बॅटरी म्हातारी होते. चारपाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिच्यात पहिल्याइतकी वीज मावेनाशी होते. आज 270 ची असलेली पुढे 190 ची झाली, तर तात्या पाचगणीच्या वेशीवर अडकणार.

मग त्याने दुसरी दाखवली. दिसायला फटफटीच. “ही चाळीसच्या स्पीडनं पळते. लायसन नको, पासिंग नको.” अक्कांच्या मुलाने मोटरवरचे अक्षर वाचले, 500 डब्ल्यू. इथे थोडे थांबून नियम समजून घ्या, कारण यात पुष्कळ लोक फसतात. आपल्या देशात मोटर 250 वॅटच्या आतली, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आतला, आणि सायकल ठरलेल्या वजनात व मान्यता मिळालेली असेल, तरच ती मोटारवाहन धरत नाहीत. तेव्हा लायसन आणि नंबर लागत नाही. 500 वॅटची आणि चाळीसने पळणारी गाडी कायद्याने मोटारवाहन ठरते, मग तिला पायडल असोत की नसोत. तिने कोणाला धडक दिली तर विमा नाही, कागद नाही, आणि जबाबदारी सगळी चालवणाऱ्याची. दुकानदार त्या वेळी भेटत नाही.

शेवटी तिसऱ्या सायकलीवर मोटर 250 वॅटची असल्याचे आणि मान्यतेचे कागद होते. बॅटरी 36 व्होल्ट आणि 10 अँपिअर-तास. गुणाकार तुम्हीच करा. पुढे-मागे डिस्क ब्रेक. किंमत एकतीस हजार. जुन्या सायकलीलाच मोटरचा संच बसवून देतो असेही दुकानदार म्हणाला, आणि ते स्वस्तात पडले असते. तो विचार तात्यांनी सोडला. जुने ब्रेक वाढलेल्या वजनाला पुरतील याची खात्री नव्हती, आणि रोज घाट उतरायचा आहे.

पैसे देण्यापूर्वी तात्यांनी विचारले, बॅटरी नवी घ्यायची तर किती? दुकानदार म्हणाला, बारा हजार. हा प्रश्न विचारल्याबद्दल आम्हाला तात्यांचे फार कौतुक वाटले. आम्हाला तो सुचला नव्हता. एका चढाला मीटरवरची पावपेक्षा कमी युनिट वीज लागते. युनिटला आठ रुपये धरले तरी दोन रुपये होत नाहीत. दुकानदार एवढेच सांगतो. पण बारा हजारांची बॅटरी पाचशे चढ टिकली, तर प्रत्येक चढामागे चोवीस रुपये झाले. तेही बाजूला ठेवायला हवेत. बॅटरी प्रत्येक वेळी पार रिकामी न करता निम्मीच वापरली तर ती जास्त चढ टिकते. तात्यांनी त्या दिवसापासून एक डबा केला आहे. प्रत्येक चढाला वीस रुपये त्यात पडतात.

वर्गात सगळ्यांना हे पटले असे नाही. एक पैलवानकी केलेले गृहस्थ म्हणाले, “मोटर लावून घाट चढायचा, तर मग सायकल कशाला म्हणायची? अंग राहील का असल्यानं?” त्यांचे बोलणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. याबद्दल एक प्रयोग झालेला आहे. 2019 साली अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी 33 सराईत स्वारांना एकाच वाटेवर दोन्ही तऱ्हेच्या डोंगरी सायकली चालवायला दिल्या. मोटरच्या सायकलीवर त्यांच्या छातीचे ठोके साध्या सायकलीच्या सुमारे 94 टक्के पडले. म्हणजे व्यायाम थोडा कमी झाला, पण झाला. स्वारांना मात्र तो व्यायाम वाटलाच नाही, इतके हलके वाटले. अर्थात ती धडधाकट, हौशी माणसे होती. तात्यांचे उत्तर वेगळे होते. “मी व्यायामाला चढत न्हाई. बागंला पानी घालाया चढतो.”

नवी सायकल आली आणि दुसऱ्याच आठवड्यात फजिती झाली. आदल्या रात्री वीज गेली होती, त्यामुळे बॅटरी पुरती भरली नव्हती. त्यात तात्यांनी तीस किलो शेणखत लादले. आणि वाईपासूनच पाय न हलवता, नुसती रेस पिळून सायकल सोडली. पाचगणी दोन किलोमीटर राहिली असताना मोटर मुकी झाली. 23 किलोंची सायकल, तीस किलो खत आणि दुखरा गुडघा. तात्यांनी सायकल ढकलत नेली. बागेत पोचायला अकरा वाजले. मालकीणबाई बोलल्या ते निराळेच. संध्याकाळी वर्गात आल्या आल्या तात्यांनी खडू मागितला आणि काय चुकले ते स्वतःच फळ्यावर मांडले. पायाचे 70 वॅट-तास मोटरवर पडले, वजन वाढले, हळू चढावर मोटर तापली. 190 ऐवजी तीनशेच्या वर खर्च झाला, आणि बॅटरीत तेवढे नव्हतेच.

आता ते सपाटीला मोटर बंद ठेवतात. घाट लागला की दुसऱ्या नंबरची मदत, मोठ्या वळणावर तिसरी. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवतात. जड गिअरवर हळू हळू दाबत चढले की गुडघ्यावर फार भार येतो, मग मोटर असो वा नसो.

अक्कांनी एक शंका काढली होती. “घाट उतरताना चाक फुकट फिरतंय, तर बॅटरी भरत असंल की?” बहुतेक सायकलींत भरत नाही. हबमधल्या मोटरीला फ्रीव्हीलसारखी रचना असते, उतारावर चाक सुटे फिरते आणि मोटर स्वस्थ बसते. मग चढताना वजनात साठवलेले ते सगळे काम जाते कुठे? बरेचसे ब्रेकमध्ये जाते आणि ब्रेक तापतात. टमाल्पायसच्या पोरांचे ग्रीस जळत होते ते याचमुळे. म्हणून जड सायकल उतरवताना एकच ब्रेक सारखा दाबून धरू नये. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवावा, सरळ रस्त्यावर थोडे सोडावे, म्हणजे ब्रेक निवतात. पॅड झिजले की नाही हे दर पंधरा दिवसांनी बघावे. तात्यांचे पुढचे पॅड पहिल्या पावसाळ्यातच संपले. पाचगणीचा पाऊस आणि त्या वाटेचा चिखल काही ठेवीत नाही.

बॅटरीची निगा हा मोठा विषय आहे, पण तात्यांच्या घरात काय केले ते सांगितले तर पुरेल. बॅटरी घरात आणतात, पण पांघरुणाजवळ, गवताजवळ किंवा दाराच्या वाटेत भरायला लावत नाहीत. जिच्याबरोबर जो चार्जर आला तोच लावतात, शेजारच्याचा मागून आणत नाहीत. ओली असेल तर आधी पुसून सुकवतात. उन्हातून आलेली बॅटरी गरम असते, ती निवल्यावरच भरतात. रात्री लावून झोपत नाहीत, सूनबाई स्वयंपाक करताना लावतात आणि दिवा हिरवा झाला की काढतात. बॅटरी फुगली, तिला वास आला किंवा ती आपटली तर ती उघडून बघायची नाही, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवून दुकानात कळवायचे. लिथियमची बॅटरी पेटली तर विझता विझत नाही.

पत्र्यांचे काय झाले? त्या पावसाळ्यात घर गळले. तात्यांनी वरून ताडपत्री टाकली, तीन ठिकाणी पातेली ठेवली. सूनबाई नाराज होत्या आणि ते आम्हाला गैर वाटत नाही. भिजलेले अंथरूण त्यांनाच वाळवावे लागत होते. दिवाळीनंतर बागांचे पैसे आले तेव्हा निम्मे पत्रे बदलले. उरलेले अजून बाकी आहेत. गुडघा बरा झालेला नाही, पण वाढलेलाही नाही.

जुनी डोंगरी सायकल तात्यांनी विकली नाही. नात तिच्यावरून शाळेला जाते. आणि नव्या सायकलीवर तात्या एकदा पाचगणीहून पुढे भिलारला जाऊन आले. भिलार हे पुस्तकांचे गाव आहे, 2017 साली ते सुरू झाले. तिथे घराघरात पुस्तके ठेवलेली असतात आणि कोणीही बसून वाचावे. तात्यांनी एका ओसरीवर बसून फुलझाडांच्या पुस्तकाची चार पाने वाचली. चार पानांना दीड तास लागला, असे त्यांनीच सांगितले.

परवा अक्कांनी फळ्यावर एक गणित घातले. त्यांच्या मुलाला भाजीसाठी बॅटरीची सायकल घ्यायची आहे. बॅटरीवर लिहिले आहे 48 व्होल्ट, 8 अँपिअर-तास. मुलगा, सायकल आणि भाजीच्या पाट्या मिळून वजन 130 किलो. घाट तोच, 570 मीटर. वर सांगितलेला 367 चा आकडा वापरा, टायर आणि वारा यांचे 50 वॅट-तास वेगळे धरा, एकतृतीयांश काम पोराच्या पायांवर टाका, आणि बॅटरीतल्या चार भागांतले तीनच भाग चाकाला पोचतात हे विसरू नका. एकदा भरलेल्या बॅटरीवर पोरगा सकाळी पाचगणीला जाऊन, खाली येऊन, त्याच दिवशी पुन्हा एकदा वर जाऊ शकेल का?